आयओ सगळीकडे पसरलाय, आता काय करू? – फंक्शनल प्रोग्रामिंगवर वाचकांचे प्रश्न

ह्या महिन्यातली पत्रं बहुतेक हॅस्केल ह्या फंक्शनल भाषेवरची आहेत, एक एल्मचं आहे, एक स्काला लिहिणाऱ्याचं, ह्या पण भाषाच. शीर्षकातला आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट, घड्याळ, फाईल, डेटाबेस अशा बाहेरच्या जगाला हात लावणाऱ्या फंक्शनच्या टाइपवर हॅस्केल लावतो ती खूण. मोनाड (अशी कामं एकापुढे एक जोडायची पद्धत) म्हणजे काय हे ह्या वेळी कुणीच विचारलेलं नाही आणि मला त्याचा खरंच आनंद झाला, कारण प्रत्यक्ष प्रोग्राम लिहायला बसलं की अडचणी वेगळ्याच निघतात आणि त्यावर मराठीत फार कुणी लिहीत नाही.

प्रश्न (पुणे): नमस्कार. नोकरीत जावा लिहितो, घरी हॅस्केल शिकतोय. सरावाला म्हणून आमच्या हौसिंग सोसायटीची मेंटेनन्स बिलं काढायचा प्रोग्राम घेतला. व्याज काढायला आजची तारीख लागली म्हणून ते फंक्शन आयओ झालं, त्याला बोलावणारं पण आयओ झालं, थकबाकी डेटाबेसमधून येते म्हणून तेही आयओ, आणि आता जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या टाइपमध्ये आयओ आहे. मग जावापेक्षा मी वेगळं काय केलं? एक मित्र म्हणाला अनसेफ परफॉर्म आयओ वापर आणि मोकळा हो.

उत्तर: मित्राचं आधी बाजूला ठेवू. अनसेफ परफॉर्म आयओ वापरलंत की कंपायलरला तुम्ही सांगता की हे शुद्ध आहे, म्हणजे तेच इनपुट दिलं की तेच उत्तर आणि बाहेर कशाला हात नाही, मग तो ते एकदाच चालवेल, दोनदा चालवेल किंवा चालवणारच नाही, त्याला सगळी मुभा आहे, आणि तारखेसारख्या गोष्टीत हे अजिबात नको.

आता मूळ मुद्दा. जावात व्याज काढणारी मेथड आतल्या आत घड्याळ बघत असती आणि सिग्नेचर वाचून ते कुणाला कळलं नसतं, इथे टाइपने ते तुमच्यासमोर आणून ठेवलंय. म्हणजे वेगळं झालंय, फक्त टाइप जे सांगतोय ते अजून तुम्ही मनावर घेतलेलं नाही. व्याजाच्या फंक्शनला "आज" कशाला माहीत हवं? त्याला मुद्दल हवं, दर हवा, देय तारीख हवी आणि कोणत्या तारखेपर्यंत मोजायचं ती तारीख हवी. चार गोष्टी आत, रक्कम बाहेर, आयओ कुठेच नाही. आज कोणती तारीख आहे हे सगळ्यात बाहेर, प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेनमध्ये, एकदाच विचारायचं आणि पुढे साधी व्हॅल्यू म्हणून द्यायचं. ह्याचा फायदा नुसता दिसण्यापुरता नाही. उद्या सेक्रेटरी म्हणाले की मागच्या मार्चचं बिल चुकलं होतं, तेच परत काढून दाखवा, तर घड्याळ आत लपलेल्या फंक्शनकडून ते होणारच नाही, तुमच्याकडून मात्र ३१ मार्च ही तारीख दिली की झालं, आणि २९ फेब्रुवारीची टेस्ट लिहायला पण कुठलं खोटं घड्याळ बनवावं लागत नाही.

थकबाकीचं तसंच. आधी सगळं वाचून घ्या, मधे शुद्ध हिशोब, शेवटी लिहा. लोक इथे विचारतात की मधेच कळलं की अजून काहीतरी वाचायला हवं तर काय, उदाहरणार्थ तीन महिन्यांच्या वर थकलेल्या सभासदाच्या जुन्या नोटिसा बघायच्या आहेत. दोन रस्ते आहेत. दोनशे फ्लॅटची सोसायटी असेल तर सगळ्यांच्या नोटिसा आधीच वाचून टाका, एवढ्याशा डेटासाठी डोकं लावायची गरजच नाही. डेटा खरंच मोठा असेल तर हिशोबाचे दोन तुकडे करा, पहिलं शुद्ध फंक्शन "ह्या ह्या सभासदांच्या नोटिसा लागतील" अशी यादी देतं, मेन त्या वाचतं, दुसरं शुद्ध फंक्शन पुढचं ठरवतं. तिसरा रस्ता, म्हणजे वाचणारं फंक्शनच आर्ग्युमेंट म्हणून आत पाठवायचं, तो पण आहे, पण पहिले दोन जमत असतील तर मी तिकडे जाणार नाही, कारण मग आत काय काय होऊ शकतं हे परत धूसर होतं.

आणि निर्णय हा डेटा करा हो. बिल पाठवा, नोटीस काढा, काही करू नका, असा तीन कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे तीन पर्यायांचा, एक टाइप, हिशोबाचं फंक्शन ह्या टाइपची व्हॅल्यू परत देतं आणि बाहेरचा पातळसा आयओचा थर ती बघून ईमेल पाठवतो. लॉगिंगचं पण तेच, मधे छापायचा मोह होतो कारण "हे व्याज का लागलं" ते बघायचं असतं, तर ते कारणच बिलाच्या ओळीत एक फील्ड म्हणून ठेवा, सभासद तसाही विचारणारच आहे.

हॅस्केल बनवणाऱ्यांपुढे पण हाच पेच होता. १९९० च्या हॅस्केल १.० मध्ये आयओ मोनाड नव्हताच, अख्खा प्रोग्राम म्हणजे एक फंक्शन होतं, बाहेरून आलेल्या उत्तरांची लिस्ट घ्यायची आणि विनंत्यांची लिस्ट द्यायची, आणि भाषा लेझी, म्हणजे लागेल तेव्हाच मोजणारी, असल्यामुळे ते चालायचं पण लिहायला फार त्रासदायक. युजेनिओ मॉगीने १९८९ च्या सुमाराला प्रोग्रामच्या अर्थाच्या गणितात मोनाड आणले, फिलिप वॉडलरने ते प्रोग्रामरांच्या हातात दिले, १९९३ मध्ये सायमन पेटन जोन्स आणि वॉडलर ह्यांचा आयओवरचा पेपर आला आणि १९९६ च्या १.३ आवृत्तीत ते भाषेत बसलं. तेव्हा आयओ हा काही शाळेतल्या शिक्षेसारखा नाही, टाळायचाच असा. फक्त तो कुठवर येऊ द्यायचा ते तुम्ही ठरवायचं.

प्रश्न (नाशिक, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष): ताई, माझा प्रोजेक्ट मराठी मजकुरातले शब्द मोजण्याचा आहे, कुठला शब्द किती वेळा आला आणि शब्दाची सरासरी लांबी किती. छोट्या फाईलवर मस्त चालतं, मोठी दिली की रॅम भरते आणि लॅपटॉप अडकतो. लिस्ट एकेक करत एका उत्तरात गोळा करणारा फोल्डएल सोडून स्ट्रिक्टवाला, म्हणजे लगेच मोजणारा, प्राईम (') लावलेला फोल्डएल पण वापरला तरी तेच. शिवाय लांबी पण चुकीची येते. गाईड सर म्हणतात पायथनमध्ये कर.

उत्तर: तुझ्या प्रश्नात चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकीत अडकल्यात आणि चारही महत्त्वाच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली सरासरी. तू बहुतेक बेरीज आणि संख्या असा टपल, म्हणजे जोडी, घेऊन फोल्ड करते आहेस. प्राईमवाला फोल्ड प्रत्येक पायरीला ॲक्युम्युलेटर, म्हणजे साठत जाणारं उत्तर, मोजतो हे खरं, पण फक्त बाहेरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत, म्हणजे "हा टपल आहे" एवढं बघून तो थांबतो आणि आतली बेरीज तशीच न केलेली, अधिक एक अधिक एक अशी थंकची, म्हणजे करायच्या राहिलेल्या हिशोबांची, लांबच लांब साखळी होऊन पडते. उपाय सोपा आहे, टपलच्या जागी स्वतःचा छोटा डेटा टाइप कर आणि दोन्ही फील्डना उद्गारचिन्ह लाव म्हणजे ती स्ट्रिक्ट होतात, नाहीतर स्टेप फंक्शनच्या पॅटर्नमध्ये तेच उद्गारचिन्ह (बँग) लाव. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर कधी कधी कंपायलर स्वतःच हे ओळखतो, जीएचसीआयमध्ये, म्हणजे ओळ लिहून लगेच चालवायच्या खिडकीत, ओळखत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नकोस.

दुसरी गोष्ट मॅप, म्हणजे शब्द आणि त्याचा आकडा अशा जोड्या ठेवणारी रचना. डेटा डॉट मॅप आणि डेटा डॉट मॅप डॉट स्ट्रिक्ट, दोन्हीकडे मॅपचा टाइप एकच आहे, फंक्शनं वेगळी आहेत. लेझीवाल्या इन्सर्टविथने "आणि" हा शब्द लाख वेळा आला तर लाख बेरजा नुसत्या लिहून ठेवल्या जातात, शेवटी आकडा छापायच्या वेळी त्या होतात. इम्पोर्टची एक ओळ बदल, बहुतेक मेमरी तिथेच सुटेल. आकडे मोजायचे असतील तर स्ट्रिक्टच घ्यायचा.

तिसरी गोष्ट स्ट्रिंग, आणि इथे मराठीवाल्यांना जास्त फटका बसतो. हॅस्केलची स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरची लिंक्ड लिस्ट. ६४ बिटच्या मशिनवर लिस्टची एक कडी २४ बाइट, त्यात इंग्रजी अक्षरं जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर एका तयार तक्त्यातून सगळ्यांना मिळून वापरायला देतो त्यामुळे त्यांचा वेगळा खर्च नाही, पण तो तक्ता कॅरेक्टर क्रमांक २५५ पर्यंतच आहे आणि देवनागरी त्याच्या खूप पुढे, म्हणून आपल्या प्रत्येक कॅरेक्टरला अजून १६ बाइट. एकूण ४०. तोच मजकूर टेक्स्ट लायब्ररीत ठेवला तर २.० आवृत्तीपासून आतून यूटीएफ-८ आहे, म्हणजे देवनागरीला ३ बाइट. चाळीस आणि तीन, ह्यातच तुझा लॅपटॉप का अडकला ते आलं. फाईल वाचताना बाइटस्ट्रिंग म्हणून वाच आणि यूटीएफ-८ ने डीकोड कर, कारण साधं रीडफाइल मशिनच्या लोकॅलवर अवलंबून असतं आणि कॉलेजच्या सर्व्हरवर लोकॅल (भाषेची सेटिंग) सी, म्हणजे फक्त इंग्रजी, असेल तर पहिल्याच मराठी अक्षराला ते एरर देऊन बसेल.

चौथी लांबी. टेक्स्टचं लेंग्थ कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने वेगळा क्रमांक दिलेल्या खुणा, मोजतं. "क्षमा" आपल्याला दोन अक्षरं, युनिकोडला क, हलन्त, ष, म, काना असे पाच. रिव्हर्स तर करूच नकोस, "मराठी" उलटा केला की वेलांटी आधी लोंबकळते आणि काना ठला जाऊन चिकटतो. तुला ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणारी अक्षरं, मोजायला हवीत, त्यासाठी टेक्स्ट-आयसीयू लायब्ररी आहे, पण ती ज्यावर चालते त्या आयसीयू ह्या युनिकोडच्या लायब्ररीची आवृत्ती नवी घे, कारण जोडाक्षर अख्खं एकच धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्याआधीच्या नियमाने क् वेगळा आणि ष वेगळा. शिवाय "ऱ्या" लोक वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप करतात, कुणी ऱ हा एकच कोडपॉइंट, कुणी र आणि खाली नुक्ता, जुन्या मजकुरात र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर. दिसायला सारखंच, मॅपमध्ये तीन वेगळे शब्द. मोजण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांना एकच रूप देणं) कर म्हणजे पहिले दोन एक होतील, जॉइनरवालं तुला स्वतः बदलावं लागेल. आणि हे शेवटचं पायथनमध्ये गेलीस तरी सुटणार नव्हतं, तिथेही लेन कोडपॉइंटच मोजतं, हे गाईड सरांना नक्की सांग. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये हा भाग सगळ्यात जास्त किमतीचा आहे असं मला वाटतं.

प्रश्न (सोलापूर): एक फाईल वाचतो, बदल करतो आणि त्याच नावाने परत लिहितो. रिसोर्स बिझी, फाईल इज लॉक्ड अशी एरर येते. फाईल दुसरीकडे कुठेच उघडी नाही.

उत्तर: तुमच्याच प्रोग्राममध्ये उघडी आहे. प्रिल्यूडचं, म्हणजे भाषेसोबत आपोआप येणाऱ्या लायब्ररीचं, रीडफाइल लेझी आहे, लागेल तसं वाचतं, त्यामुळे लिहायला सुरुवात करता तेव्हा वाचन संपलेलंच नसतं आणि एकाच वेळी वाचणारा आणि लिहिणारा असू नये हा नियम हॅस्केलच्या रिपोर्टमध्येच आहे. टेक्स्टचं रीडफाइल वापरा, ते पूर्ण वाचून फाईल बंद करतं, किंवा स्ट्रिंगच हवी असेल तर २०२१ च्या जीएचसी ९.० पासून प्राईम लावलेलं रीडफाइल आहे ते घ्या. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या नावाने लिहा आणि मग रीनेम करा, मधेच लाईट गेली तर मूळ फाईल शाबूत राहते.

प्रश्न (म्युनिक, मूळ ठाण्याचे): आमची टीम स्काला वापरते. इम्यूटेबल (एकदा बनल्यावर न बदलणारी) कलेक्शन वापरा असा माझा आग्रह असतो आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं की प्रत्येक बदलाला अख्खी कॉपी होते, हे स्लो आहे. नेमकं काय उत्तर द्यायचं?

उत्तर: अख्खी कॉपी होते हे झाडाच्या आकाराच्या कलेक्शनसाठी चूकच आहे. दहा लाख नोंदींचा, प्रत्येकीला एक किल्ली (की), असा बॅलन्स्ड बायनरी ट्री असेल तर एका किल्लीची व्हॅल्यू बदलताना मुळापासून त्या नोडपर्यंतची वाट तेवढी नवी बनते, वीस-पंचवीस नोड, बाकीचं सगळं झाड जुनं आणि नवं मिळून वापरतात. क्लोजर ह्या भाषेत तिच्या कर्त्याने, रिच हिकीने, प्रत्येक नोडला ३२ फांद्या दिल्या, म्हणजे चार पातळ्यांत दहा लाखांच्या वर एलिमेंट मावतात, आणि स्कालाचा व्हेक्टर पण ह्याच ३२ च्या घरातला.

पण सहकारी पूर्ण चूक नाहीत, हे पण प्रामाणिकपणे सांगा. सलग ॲरे असेल, हॅस्केलच्या व्हेक्टरसारखा, तर एक जागा बदलायला खरंच सगळं कॉपी होतं आणि ते लूपमध्ये केलं की संपलंच. तिथे हॅस्केलचा एसटी मोनाड वापरायचा, आत खुशाल जागच्या जागी बदला, बाहेर शुद्ध फंक्शनच दिसतं, आणि आतला म्यूटेबल ॲरे बाहेर निसटणार नाही ह्याची काळजी टाइप घेतो, लाँचबरी आणि पेटन जोन्स ह्यांनी १९९४ मध्ये हे मांडलं. स्कालात टाइपचं हे राखण सहजासहजी मिळत नाही, तिथे लोकल म्यूटेबल ॲरे फंक्शनच्या आतच ठेवायची शिस्त पाळावी लागते. थिअरीत पण हा प्रश्न गंभीरपणे घेतला गेलाय, निकोलस पिपेंजरने १९९६ मध्ये दाखवलं की स्ट्रिक्ट आणि शुद्ध लिस्पला काही कामांत लॉग एन पट (कामाच्या आकाराच्या लॉगॅरिदमइतका) जास्त वेळ लागतोच, आणि पुढच्याच वर्षी बर्ड, जोन्स आणि द मूर ह्यांनी दाखवलं की पिपेंजरने घेतलेल्या त्याच कामात लेझी मूल्यमापन वापरलं तर तो फरक भरून निघतो.

एक खाचखळगा मात्र सांगते. दोन लिस्टची रांग सगळ्यांना माहीत असते, पुढची लिस्ट संपली की मागची उलटी करून पुढे आणायची, सरासरीने प्रत्येक काम स्थिर वेळात. पण जुनी रांग हातात ठेवून तिच्यावरच परत परत काढायचं काम केलं तर दर वेळी ती उलटवणी नव्याने होते आणि सरासरीचा हिशोब कोलमडतो. क्रिस ओकासाकीने १९९६ च्या थिसिसमध्ये ह्यावर लेझी पद्धतीने तोडगा दिला. स्कालाची तयार इम्यूटेबल क्यू पण आतून दोन लिस्टचीच आहे, तेव्हा तुम्ही जुन्या आवृत्त्या जपून ठेवत असाल तर हे तपासून बघा.

प्रश्न (कोल्हापूर): एल्ममध्ये मेंढीकोट करतोय. पानं पिसायला स्वतः सीड (रँडम आकडे ज्यापासून सुरू होतात तो आकडा) दिलं तर दर डावाला तीच पानं येतात. रँडम शुद्ध भाषेत होतच नाही का?

उत्तर: होतं. जनरेटर चालवला की दोन गोष्टी मिळतात, आलेली व्हॅल्यू आणि नवं सीड, तुम्ही व्हॅल्यू घेताय आणि नवं सीड सोडून देताय. ते मॉडेलमध्ये ठेवा आणि पुढच्या डावाला तेच वापरा. पहिलं सीड मात्र बाहेरून यायला हवं, जावास्क्रिप्टकडून फ्लॅग म्हणून घ्या. मोठा फायदा असा की कुणी सांगितलं "ह्या डावात दस्सी मोजायला चुकली" तर त्याचं सीड मागा, तोच डाव तुमच्या मशिनवर जसाच्या तसा उभा राहतो. पिसण्यासाठी प्रत्येक पानाला मोठ्या रेंजमधला रँडम आकडा लावून सॉर्ट करा, ५२ पानांना पुरे. फक्त ३२ बिटच्या सीडमधून सुमारे ४२९ कोटी सुरुवातीच निघतात आणि ५२ पानांच्या मांडण्या त्याच्या कित्येक पट, ६८ आकडी संख्येत, म्हणून घरच्या खेळाला ठीक, पैसे लावून खेळायला हे नको.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): हे सगळं शिकून आपल्याकडे काम मिळतं का? कुठून सुरुवात करू?

उत्तर: जागा जावाच्या तुलनेत थोड्या आहेत, पण आहेत. बंगळुरूच्या नम्मा यात्री ह्या रिक्षाच्या ॲपचा बॅकएंड हॅस्केलमध्ये आहे आणि कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा हॅस्केलचा कोर्स एनपीटीईएल ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट आहे. कोर्स करा आणि सोबत तो कोड वाचा, आधी टाइप, मग फंक्शनं.

प्रश्न (बंगळुरू): पाच जणांची टीम, हॅस्केलचा सर्व्हर. मोनाड ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे एकावर एक चढवलेल्या मोनाडांचा, सात थरांचा स्टॅक झालाय, रीडर (वाचायची माहिती), स्टेट (बदलणारी माहिती), एक्सेप्ट (एरर), रायटर (साठवायची नोंद) सगळं. दोघांना इफेक्ट लायब्ररी (थरांऐवजी फंक्शनला कुठली बाहेरची कामं लागतात त्याची यादी ठेवणारी) आणायची आहे, दोघांना स्टॅकच हवा. एरर आली की स्टेटमधले आकडे गायब होतात आणि का ते कुणालाच कळत नाही. मी मधे अडकलोय.

उत्तर: गायब का होतात ते आधी. थरांचा क्रम बघा. बाहेर स्टेटटी (शेवटचा टी म्हणजे दुसऱ्या मोनाडवर चढणारा थर) आणि आत आयदर, म्हणजे एरर नाहीतर उत्तर, असेल तर टाइप उलगडल्यावर दिसतं की एरर आली की फक्त एररच परत येते, स्टेटला जागाच नाही. उलट बाहेर एक्सेप्टटी आणि आत स्टेट असेल तर एरर असो वा नसो, स्टेट सोबत येतंच. दोन्ही बरोबर आहेत, पहिला रोलबॅकसारखा, दुसरा हिशोब टिकवणारा, पण तुम्हाला कुठला हवा हे टीमने कधी बसून ठरवलंय का? सात थरांत हा निर्णय कुणीही न घेता होऊन जातो, मला स्टॅकचा राग येतो तो ह्याच कारणासाठी. आणि सर्व्हर म्हणजे थ्रेड आले, आयओवर स्टेटटी बसवून नवा थ्रेड सोडलात तर त्या थ्रेडने बदललेलं स्टेट परत येतच नाही.

म्हणून मी सुचवेन की आयओवर एकच रीडरटी ठेवा, एक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड, त्यात कनेक्शन पूल, कॉन्फिग, आणि बदलणारे आकडे टीव्हारमध्ये, म्हणजे एसटीएमच्या बदलत्या डब्यांत. एसटीएम, म्हणजे अनेक बदल एकत्र, सगळे नाहीतर एकही नाही असे करायची सोय, २००५ पासून आहे, थ्रेडमधून एकत्र बदल करायला त्याच्याइतकं निर्धास्त दुसरं काही मी वापरलेलं नाही. रायटर लॉगिंगसाठी असेल तर काढाच, लांब चालणाऱ्या प्रोसेसमध्ये तो मेमरी साठवत बसतो.

इफेक्ट लायब्ररीवाल्यांचं म्हणणं पण ऐका. फंक्शनच्या टाइपमध्ये "हे फक्त डेटाबेस वाचतं" असं लिहिता येणं ही खरी सोय आहे, आणि २०२३ च्या जीएचसी ९.६ मध्ये डिलिमिटेड कंटिन्युएशनचे (चालू काम मधे थांबवून नंतर तिथूनच पुढे न्यायचे) प्रिमिटिव्ह आल्यापासून त्या वेगाने चालवायचा पाया पण कंपायलरमध्येच आहे. पण नवीन माणसाला त्यांच्या टाइप एरर वाचता येतात का हे बघून ठरवा, एखादं छोटं मॉड्यूल टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला त्यात लिहायला द्या आणि शेजारी बसा. त्याआधी एक काम करा, कोडबेसमधली फंक्शनं चाळा आणि खरोखर दोन किंवा जास्त इफेक्ट एकत्र वापरणारी किती आहेत ते मोजा. पुण्याच्या वाचकाला वर जे लिहिलंय तसं हिशोबाचं सगळं शुद्ध बाजूला काढलंत तर ती यादी बरीच आखडेल, आणि मग दोन्ही गटांना तीच यादी समोर ठेवून बोलू द्या.